भूल कोणती घ्यावी?

"मला भूल नगं बाबा. भूल दिली आन् परत जागीच झाली न्हाई तर?"

गुडघा बदलायचा असे ठरले त्या दिवशी आमच्या आईने विचारलेला हा पहिला प्रश्न. सांधा कोणत्या धातूचा, खर्च किती, अंथरुणाला किती दिवस खिळून राहायचे, यातले तिने काहीच विचारले नाही. पाच वर्षे ती उंबऱ्याला हात टेकून उठत होती. तुळशीला पाणी घालून परत येताना दोनदा भिंतीचा आधार घेत होती. दर चैत्रात खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेला जाण्याचा तिचा नेम मोडला होता. तरी ऑपरेशनचे नाव काढले की ती दुसरेच काहीतरी बोलू लागे. चाकूची तिला भीती नव्हती, भुलीची होती.

त्यात आटपाडीसारख्या गावात सल्ला फुकट मिळतो आणि भरपूर मिळतो. बाजाराच्या दिवशी एक गृहस्थ सांगून गेले, "पाठीत सुई मारतात, आयुष्यभर कंबर धरते." शेजारच्या आक्का म्हणाल्या, "पाय लुळं पडत्यात म्हणं." गलाईच्या धंद्यामुळे दक्षिणेत राहणारा माझा धाकटा भाऊ फोनवरून म्हणाला, "दादा, पूर्ण भूल द्यायला सांग. आईला काही कळायलाच नको." आणि त्याच संध्याकाळी एका परिचितांनी बजावले, "पूर्ण भूल? मुळीच नको. म्हाताऱ्या माणसाची बुद्धी फिरते."

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. वैद्यक हा माझा विषय नव्हे. पण घरात असा प्रसंग आला म्हणजे माणसाला विद्यार्थी व्हावे लागते. मिरजेच्या डॉक्टरांना विचारून आणि मिळाले ते वाचून जे समजले, ते आपल्यापुढे ठेवतो. आपल्याही घरी कोणाचा खुबा किंवा गुडघा कुरकुरत असेल, तर त्याचा उपयोग होईल.

प्रथम वेदना म्हणजे काय ते पाहू या. वेदना गुडघ्यात असते असे आपण म्हणतो, पण ती कळते मेंदूला. गुडघ्यापासून मेंदूपर्यंत एक निरोप जातो. समजा, मळ्यात आग लागली आहे आणि गडी निरोप घेऊन गावातल्या वाड्याकडे धावत सुटला आहे. वाटेत माणगंगेचा पूल आहे. हा निरोप मालकाच्या कानी पडू द्यायचा नसेल, तर तीन उपाय आहेत. मालकालाच गाढ झोपवायचे, हा पहिला. गड्याला पुलावर अडवायचे, हा दुसरा. आणि त्याला मळ्याच्या बांधावरच थांबवायचे, हा तिसरा. सांधा बदलताना दिल्या जाणाऱ्या भुलीचे मुख्य प्रकारही हे तीनच. मालकाला झोपवणे ही संपूर्ण भूल, पुलावर अडवणे ही कण्यातली भूल आणि बांधावर थांबवणे म्हणजे पायाच्या एखाद्या नसेपुरती दिलेली भूल. हे चित्र मनात असू द्या, पुढचे सारे सोपे जाईल.

संपूर्ण भूल ही सर्वांत जुनी. अमेरिकेतील बॉस्टन शहरी १६ ऑक्टोबर १८४६ रोजी मॉर्टन नावाच्या दंतवैद्याने ईथर हुंगवून रुग्णाला झोपवले आणि शस्त्रवैद्याने त्याच्या मानेवरची गाठ काढली. पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या सिम्सन यांनी क्लोरोफॉर्म वापरात आणला. जुन्या लोकांच्या बोलण्यात अजून "क्लोरोफॉर्म दिला" असे येते ते त्यामुळेच. आज ईथर आणि क्लोरोफॉर्म दोन्ही मागे पडली आहेत. आता हाताच्या शिरेतून दुधासारखे पांढरे औषध देतात आणि मिनिटाभरात झोप लागते. ही झोप रात्रीच्या झोपेसारखी नसते. हाक मारली तर माणूस उठत नाही, आणि श्वासही त्याच्या एकट्याच्या भरवशावर सोडता येत नाही. म्हणून घशातून नळी घालतात, बहुधा यंत्राने श्वास देतात आणि औषधी वायूने किंवा शिरेतल्या औषधाने झोप टिकवून धरतात. भूल देणारे डॉक्टर सारा वेळ उशाशी असतात. नाडी, रक्तदाब, रक्तातला प्राणवायू हे सारे त्यांच्या डोळ्यांसमोर पडद्यावर दिसत असते. आईच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. भूल देऊन डॉक्टर निघून जात नाहीत. उठवेपर्यंत ते तिथेच बसलेले असतात.

या भुलीत सोय मोठी आहे. शस्त्रक्रिया लांबली तरी चिंता नाही. रुग्णाला काही दिसत नाही, काही ऐकू येत नाही. पण आपल्या दृष्टांतातली एक गोष्ट विसरू नका. मालक झोपला तरी गडी दारावर धडका मारतच असतो. निरोप मेंदूच्या उंबऱ्यापर्यंत येतच राहतो, म्हणून झोपेच्या औषधाबरोबर वेदनेचेही औषध द्यावे लागते. मालक जागा झाला की पहिली गोष्ट त्याच्या कानी पडते ती हीच. संपूर्ण भुलीतून उठताना ठणका एकदम जाणवतो तो यामुळे. शिवाय मळमळ, उलटी, हुडहुडी, नळीमुळे घसा दुखणे, दिवसभर जडपणा, हे त्रास या भुलीत अधिक आढळतात. ते बहुधा एकदोन दिवसांत जातात.

आता पुलावरचा उपाय. पाठीच्या कण्यात मज्जारज्जू असतो आणि त्याच्याभोवती पाण्यासारखा द्रव असतो. कमरेखालच्या साऱ्या नसा या द्रवातून जातात. तिथे बधिर करणारे औषध थोडेसे सोडले, अवघे दोन-तीन मिलिलिटर, की काही मिनिटांत पाय गरम वाटू लागतात, मग जड होतात, मग आपले वाटेनासे होतात. औषधात साखर मिसळून ते जड केलेले असते, म्हणून ते वजनाने खाली बसते. त्यामुळे रुग्णाला कसे निजवायचे यावरून ते कुठपर्यंत पसरेल हे बरेचसे ठरवता येते. हा अंमल साधारण दोन ते तीन तास राहतो. गुडघा किंवा खुबा पहिल्यांदा बदलायला बहुधा एवढा वेळ पुरतो.

"पण कण्यात सुई! मज्जारज्जूलाच टोचली तर?" हा प्रश्न मीही विचारला. डॉक्टरांनी कागदावर मणके काढून दाखवले. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याच्या खाली फक्त नसांचे धागे असतात, घोड्याच्या शेपटीसारखे द्रवात सुटे तरंगणारे. सुई घालतात ती त्याच्याही खाली, बहुधा तिसऱ्या आणि चौथ्या मणक्याच्या मधल्या जागेत. म्हणजे रज्जू जिथे संपला आहे तिथे.

पाय जाण्याच्या भीतीला आधार अगदीच नाही असे मी म्हणणार नाही. पण तो किती आहे ते मोजलेले आहे. कण्यातल्या सुमारे सात लाख भुलींचा हिशेब ब्रिटनमध्ये मांडण्यात आला आणि २००९ साली प्रसिद्ध झाला. कायमची इजा झाली ती एक लाखात दोन ते चार जणांना. दोन्ही पाय जाणे किंवा मृत्यू, हे दोन्ही मिळून लाखात दोघांपेक्षाही कमी. आपल्या आटपाडी तालुक्यातल्या सगळ्या माणसांना ही भूल दिली, तरी असा प्रसंग एखाददुसऱ्यावर येईल, इतके ते विरळ आहे. आक्कांना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "मंग लोकांचं पाय कशानं गेलं म्हणत्यात?" त्याचे उत्तर साधे आहे. भूल उतरेपर्यंत दोन-तीन तास पाय हलत नाहीत. बाहेर बसलेल्या नातेवाइकांना ते आधी कोणी सांगितले नसले, की गावात बातमी पोचते ती पाय गेल्याची. ते परत आल्याची बातमी सांगायला मात्र कोणी येत नाही.

कंबर कायमची धरते, ही समजूतही अशीच. सुईच्या जागी एकदोन दिवस दुखते. पण कायमची कंबरदुखी या भुलीमुळे होते असे तपासण्यांत आढळले नाही. ज्याचा गुडघा दहा वर्षे झिजला, त्याची कंबरही बहुधा आधीपासूनच दुखत असते. नंतर दोष सुईला देतात, इतकेच.

डोकेदुखीचे मात्र खरे आहे आणि तिची कथा सांगण्यासारखी आहे. कण्यातली भूल प्रथम दिली ती जर्मनीतील कील येथे ऑगस्ट १८९८ मध्ये, ऑगस्ट बीअर या शस्त्रवैद्याने. तेव्हा औषध होते कोकेन. ही भूल खरोखर कशी लागते हे पाहण्यासाठी बीअर आणि त्यांचा सहायक हिल्डेब्रांट यांनी ती एकमेकांवरच करून पाहण्याचे ठरवले. बीअर यांच्या पाठीत सुई गेली, पण नळकांडे सुईला नीट बसेना. कण्यातला द्रव वाहून गेला आणि भूल काही मिळाली नाही. मग हिल्डेब्रांटची पाळी आली. त्याला मात्र चांगली भूल लागली. त्याच्या नडगीवर लोखंडी हातोडी मारली तरी त्याला कळले नाही. त्या आनंदात दोघांनी रात्री मद्य आणि चिरूट यांचा समाचार घेतला. पुढे बीअर यांचे डोके नऊ दिवस असे दुखले की आडवे पडल्याशिवाय चैन पडेना. कारण सुईच्या भोकातून द्रव पाझरत राहिला होता. आजची सुई फार बारीक असते, आणि पुष्कळदा तिचे टोक पेन्सिलीसारखे असते, ते धागे कापत नाही, बाजूला सारते. म्हणून ही डोकेदुखी आता थोड्यांनाच होते, आणि म्हाताऱ्या माणसांत तर ती आणखी कमी दिसते.

कण्यातल्या भुलीचे खरे त्रास दुसरे आहेत. पायांतल्या रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्तदाब उतरतो. म्हणून सलाइन चालू ठेवतात आणि औषध तयार ठेवतात. काही तास लघवी तुंबते. काहींच्या अंगाला खाज सुटते. आणि रुग्ण जागा असल्यामुळे करवतीचा नि हातोडीचा आवाज त्याच्या कानावर पडतो. हे ऐकून घाबरू नका. शिरेतून हलकी गुंगी देतात, मग माणूस डुलक्या घेतो. पण श्वास त्याचा तोच घेत असतो.

याच भुलीची एक बहीण आहे, एपिड्यूरल. यात औषध द्रवात न सोडता त्याच्या बाहेरच्या पोकळीत सोडतात आणि एक बारीक नळी तिथेच ठेवतात. औषध संपले की नळीतून आणखी देता येते. दोन्ही गुडघे एका वेळी बदलायचे असले तर याचा उपयोग होतो. पण नळी आहे तोवर पाय कमजोर राहू शकतात. शिवाय शस्त्रक्रियेनंतर रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून जे औषध देतात, त्याच्या वेळा सांभाळूनच ही नळी काढावी लागते. म्हणून एकाच गुडघ्यासाठी तिचा वापर पूर्वीपेक्षा कमी झाला आहे.

राहिला बांधावरचा उपाय. ध्वनिलहरींच्या यंत्रावर नस पाहून तिच्याजवळ औषध सोडतात. सांधा बदलताना एवढ्या एका भुलीवर बहुधा भागत नाही. पण शस्त्रक्रियेनंतरचा पहिला दिवस सुसह्य करण्यात तिचा वाटा मोठा आहे. इथे एक बारकावा ध्यानात घेण्यासारखा आहे. जांघेतली मोठी नस बधिर केली तर गुडघा दुखत नाही खरा, पण मांडीचा जोरही जातो, आणि रुग्ण उठायला गेला की कोसळतो. म्हणून आता पुष्कळ ठिकाणी मांडीच्या मध्यावर, आतल्या बाजूला औषध देतात. तिथे वेदनेचा निरोप अडतो आणि मांडीचा जोर बराचसा शाबूत राहतो. गुडघ्याच्या मागच्या भागाचे दुखणे यात पुरते जात नाही. म्हणून शस्त्रवैद्य सांध्याभोवतीही बधिर करणारे औषध पेरतात. खुब्याची गोष्ट निराळी. त्याला दोन-तीन बाजूंनी नसा येतात. प्रत्येक बांधावर माणूस उभा करणे अवघड, त्यापेक्षा पुलावर अडवलेले सोपे.

आता मूळ प्रश्न. यातली चांगली कोणती?

येथे माझा विषय थोडा कामी आला. अमेरिकेतल्या सुमारे चारशे रुग्णालयांतील खुबा आणि गुडघा बदललेल्या ३,८२,२३६ रुग्णांच्या नोंदी तपासून २०१३ साली एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यातल्या पाऊण लोकांना संपूर्ण भूल दिली होती. पुढच्या तीस दिवसांत मृत्यू झाले ते संपूर्ण भुलीच्या गटात दहा हजारांत अठरा आणि कण्यातल्या भुलीच्या गटात दहा हजारांत दहा. आकडे पाहून आपण म्हणाल, झाला निकाल! पण थांबा. भूल निवडली होती डॉक्टरांनी. ज्याची प्रकृती अधिक नाजूक किंवा ज्याची शस्त्रक्रिया अधिक अवघड, त्याला संपूर्ण भूल दिली गेली असणेही शक्य आहे. आजारी माणसे दवाखान्यात जास्त असतात, म्हणून दवाखान्यामुळे माणूस आजारी पडतो असे आपण म्हणत नाही. अशा तपासणीत प्रकृतीचा फरक हिशेबात धरून पाहतात, पण सगळाच फरक कागदावर उतरलेला नसतो.

यावर उपाय म्हणजे चिठ्ठ्या टाकून भूल ठरवणे. अमेरिका आणि कॅनडात पन्नाशीच्या पुढच्या, खुब्याचे हाड मोडलेल्या १६०० रुग्णांवर तसे केले गेले. निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. साठ दिवसांनी दगावलेले किंवा दुसऱ्या माणसाच्या मदतीशिवाय खोली ओलांडून चालू न शकणारे कण्यातल्या भुलीच्या गटात शेकडा साडेअठरा होते आणि संपूर्ण भुलीच्या गटात शेकडा अठरा. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. बुद्धी फिरण्याचे, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर माणूस एकदोन दिवस भांबावून बरळतो त्याचे, प्रमाणही दोन्हीकडे शेकडा वीसच्या आसपास होते. मात्र हे रुग्ण हाड मोडलेले होते, ठरवून झिजलेला सांधा बदलणारे नव्हते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. ठरवून केलेल्या खुब्याच्या आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियांचा सारा पुरावा एकत्र करून अनेक देशांतील तज्ज्ञांनी २०१९ साली मत दिले ते असे, की काही अडचण नसेल तर कण्यातल्या भुलीला पहिली पसंती द्यावी.

याचा अर्थ मी असा लावतो. साधारण रुग्णाचे पारडे कण्यातल्या भुलीकडे झुकते. पण ते फार झुकत नाही, आणि काहींच्या बाबतीत तर ते उलटच झुकते. ज्याला कण्यातली भूल देता येत नाही, त्याने आपल्याला हलक्या प्रतीचे काही मिळाले असे मानण्याचे कारण नाही.

माझे एक निवृत्त सहकारी आहेत. त्यांचा खुबा बदलायचा होता आणि त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट होता. त्यासाठी रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या चालू होत्या. अशा गोळ्या चालू असताना कण्यात सुई घातली, तर आत रक्त साचून नसा दाबल्या जाण्याचा धोका असतो. काही गोळ्या पाच ते सात दिवस आधी थांबवता येतात, पण स्टेंट नवा असला तर थांबवणेच धोक्याचे. कधी शस्त्रक्रिया पुढे ढकलतात, कधी भूल बदलतात. त्यांच्या बाबतीत हृदयाच्या डॉक्टरांशी विचारविनिमय होऊन संपूर्ण भूल ठरली. ते आज काठी न घेता बाजारात फिरतात. हृदयाची झडप फार अरुंद झाली असेल, पाठीवर सुईच्या जागी जंतुसंसर्ग असेल, कण्याची मोठी शस्त्रक्रिया झाली असेल, किंवा जागे राहण्याची माणसाच्या मनाची मुळीच तयारी नसेल, तर अशांसाठीही संपूर्ण भुलीचा विचार होतो. म्हणून "कोणती भूल चांगली" हा प्रश्नच अपुरा आहे. "कोणाला कोणती" असे विचारले पाहिजे.

आणि त्याचे उत्तर डॉक्टर देऊ शकतात ते आपण त्यांना काय सांगतो यावरून. इथे आपण, विशेषतः आपल्याकडची माणसे, फार चुकतो. त्या चुकीचा एक धनी मीही आहे.

ऑपरेशनच्या दिवशी पहाटे पाच वाजता आई म्हणाली, "घोटभर चहा दे रं. घसा सुकलाय." रात्रीपासून काही खायचे नाही, हे मला माहीत होते. पण चहा म्हणजे खाणे नव्हे, अशी माझी समजूत. थर्मासमधला कपभर दुधाचा चहा मी तिला दिला. आठ वाजता भूल देणाऱ्या डॉक्टरीण बाई तपासायला आल्या. "आजी, सकाळपासून काही घेतलं का?" आईने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवून "नाही" म्हणणार होतो. शस्त्रक्रिया पुढे जाईल, भाऊ सुटी काढून आला आहे, असे सगळे मनात आले. पण त्या बाईंनी प्रश्न पुन्हा, सावकाश विचारला. तेव्हा खरे सांगितले.

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "सर, साधं पाणी दोन तासांत पोटातून पुढं जातं. दूध जात नाही. दुधाचा चहा म्हणजे जेवणच, त्याला सहा तास द्यावे लागतात. आजींना पाठीत भूल द्यायची आहे, हे खरं. पण ती नीट लागली नाही तर झोपवावं लागेल. झोपेत पोटातलं उलटून फुप्फुसात गेलं, तर गुडघा राहील बाजूला." शस्त्रक्रिया सकाळची दुपारी गेली. एका कपाची किंमत सहा तास. मी "नाही" म्हणालो असतो तर किंमत कदाचित दुसरीच पडली असती.

मग त्यांनी आणखी विचारले, आणि माझ्याच आईविषयी मला ठाऊक नसलेल्या दोन गोष्टी निघाल्या. ती दिवसातून तीनदा मिश्री लावते हे घरात सर्वांना माहीत होते, पण ते डॉक्टरांना सांगण्यासारखे आहे असे कोणाला वाटले नव्हते. तंबाखू ओठात धरली काय आणि ओढली काय, तिचा अंमल नाडीवर आणि रक्तवाहिन्यांवर होतोच, आणि जखमही भरायला उशीर लागतो. दुसरी गोष्ट म्हणजे फिरत्या माणसाकडून घेतलेल्या गुडघेदुखीच्या पुड्या. वर्षभरापूर्वीपर्यंत ती त्या घेत होती. "लई गुण यायचा," ती म्हणाली. अशा पुड्यांत कधी कधी स्टिरॉइड मिसळलेले आढळते, म्हणून तर गुण येतो. ते फार दिवस पोटात गेले की शरीरातल्या ग्रंथी स्वतःचे असे द्रव्य बनवायला आळसावतात, आणि शस्त्रक्रियेच्या ताणात रक्तदाब एकाएकी ढासळू शकतो. आधी कळले तर डॉक्टर त्याची तजवीज करतात. न कळले तर ऐन वेळी शोधाशोध होते.

१८९४ साली डॉ. वॉनलेस यांनी मिरजेत रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून आसपासच्या मुलखातली माणसे दुखणे घेऊन मिरजेला येत आहेत. दुखणे आपण गाडीत घालून नेतो, पण अर्धी हकिगत घरीच ठेवतो. म्हणून म्हणतो, भुलीच्या डॉक्टरांना भेटायला जाताना एक कागद करा. त्यावर चालू असलेली प्रत्येक गोळी लिहा. साखरेची, रक्तदाबाची, रक्त पातळ करणारी, आणि वैदूची पुडीसुद्धा. पण आपल्या मनाने कोणतीही गोळी बंद करू नका. पूर्वी कधी भूल घेतली असेल आणि त्रास झाला असेल तर लिहा. तंबाखू, मिश्री, दारू लिहा. हलणारा दात आणि कवळी लिहा. रात्री मोठ्याने घोरून श्वास अडकत असेल, जिन्याला दम लागत असेल, तर तेही लिहा. आणि आपणही विचारा. मला कोणती भूल देणार आणि ती का? ती लागली नाही तर पुढे काय? ठणक्यासाठी काय करणार? चालायला केव्हा लावणार? हे विचारण्यात उद्धटपणा नाही. चांगल्या डॉक्टरांना असा रुग्ण आवडतो.

दुपारी आईला आत नेले. कण्यातली भूल, हलकी गुंगी, आणि नंतर मांडीत नसेची भूल, असे ठरले होते. कानाला भजन लावून दिले होते. बाहेर आली तेव्हा ती जागीच होती. पहिले वाक्य बोलली ते असे: "आरं, आत सुतार बसल्यागत ठोकाठोक चालली हुती. मला वाटलं, कुणाच्या घराचं काम काढलंय." पाय अजून हलत नव्हते. संध्याकाळी सहाच्या सुमारास अंगठा हलला. तो हलेपर्यंत, सारे आकडे पाठ असूनही, माझी नजर त्या अंगठ्यावरून हलली नव्हती, हे कबूल करतो.

रात्री ती थोडी भांबावली आणि गेलेल्या वडिलांना हाका मारू लागली. डॉक्टरांनी हे आधीच सांगून ठेवले होते. तिचा चष्मा तिच्या डोळ्यांवर ठेवा, दिवा मंद असू द्या, ओळखीचा माणूस जवळ बसा, गाव कोणते, वार कोणता हे बोलत राहा, असे ते म्हणाले होते. भाऊ उशाशी बसून गावाकडच्या गोष्टी सांगत राहिला. पहाटे ती स्वतःच म्हणाली, "मला कुठं आणलंय ते कळतंय. जा, नीज जरा." त्याच दिवशी सकाळी वॉकर धरून ती दारापर्यंत चालली.

मराठीत भूल या शब्दाचे दोन अर्थ आहेत. भूल पडते ती एक, आणि चूक होते ती दुसरी. पहिलीची तिला भीती होती. दुसरी तिच्या मुलाच्या हातून होता होता राहिली. पहिली सांभाळायला शिकलेली माणसे उशाशी बसलेली असतात. दुसरी मात्र आपली आपणच सांभाळायची असते.

यंदाच्या चैत्रात आई खरसुंडीला गेली. देवळाच्या पायरीशी मी हात पुढे केला, तो तिने धरला नाही.